लंडनच्या गच्चीवरील बातमीदार



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला बाजारात गाठले आणि विचारले, "म्हणजे रेडिओवर बातम्या वाचणाऱ्यांविषयी बोलणार का तुम्ही?" प्रश्न साहजिक होता. मी ज्या वाड्यात लहानाचा मोठा झालो तेथे बारा बिऱ्हाडांत मिळून एकच रेडिओ होता. सकाळी बातम्या लागल्या की दाढीला बसलेला माणूस हातातला वस्तरा तसाच धरून ऐकत राही. दुपारी ओट्यावर वाद निघालाच, तर "रेडिओवर सांगितलं" एवढे म्हटले की पुरे. पुढे कोणी बोलत नसे. एखाद्या जुन्या पेढीला बाजारात पत असावी, तशी त्या लाकडी पेटीला आमच्या आळीत पत होती. ती पत तिला कोणी मिळवून दिली, हा प्रश्न मात्र आम्हांला कधी पडला नाही. वाचणाऱ्याचा आवाज आम्ही ओळखत होतो. पण ती बातमी मुळात कोणी पाहिली, कोठे उभे राहून पाहिली, आणि पाहिलेले सगळे सांगितले की त्यातले काही पोटातच ठेवले, याचा विचार कोण करतो?

म्हणून आज मी अशा माणसाविषयी बोलणार आहे, की ज्याने स्वतः पाहिले आणि स्वतःच्याच तोंडाने सांगितले. हा अमेरिकेचा एडवर्ड मर्रो. त्याच्या नावाचा उच्चार इंग्रजीत थोडा हलका होतो, पण तसा केला तर मराठी कानाला ती शिवीच वाटेल. तेव्हा मी आपला 'मर्रो' असा ठसक्यात म्हणतो, आपण चालवून घ्यावे.

२५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलिना संस्थानातील ग्रीन्सबरो गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी हा जन्मला. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे साधेपणाची आणि सत्य बोलण्याची शिस्त कडक. आईबापांनी नाव ठेवले एग्बर्ट. तो लहान असतानाच कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन संस्थानात गेले. तेथे बाप जंगलातली लाकडे वाहणाऱ्या रेल्वेवर कामाला लागला, आणि मुलानेही पुढे लाकूडतोड्यांच्या तळांवर घाम गाळला. एग्बर्टचा एडवर्ड त्याने स्वतःच करून घेतला.

पुलमन येथील कॉलेजात त्याला आयडा लू अँडरसन नावाच्या शिक्षिका भेटल्या. पोलिओने शरीर वाकलेले, प्रकृती कायमची नाजूक, आणि विषय शिकवायचा वक्तृत्वाचा! आपल्याकडे वक्तृत्व म्हटले की हात उगारणे आणि आवाज चढवणे असा एक समज आहे. (या व्यासपीठावरही त्याची उदाहरणे घडली आहेत, नावे घेत नाही.) या बाईंनी मर्रोला नेमके उलटे शिकवले: आवाज खाली ठेव आणि कोठे थांबायचे ते शीक. पुढे युद्धकाळात तो 'दिस इज लंडन' या तीन शब्दांनी भाषण सुरू करी. त्यांतल्या पहिल्या शब्दावर किंचित थांब, ही सूचना हजारो मैलांवरून, आजारी अवस्थेत रेडिओ ऐकणाऱ्या या बाईंचीच. एवढ्याशा विरामाने ते तीन शब्द अमेरिकेत घरोघर ओळखीचे झाले.

हा माणूस वर्तमानपत्रात कधी एक दिवसही नव्हता. कॉलेज संपल्यावर तो विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. मग एका आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेत असताना, हिटलरने हाकललेल्या जर्मन प्राध्यापकांना अमेरिकेत जागा मिळवून देणाऱ्या समितीचे काम त्याने केले. १९३५ मध्ये कोलंबिया नभोवाणी कंपनीने, म्हणजे 'सीबीएस'ने, त्याला नोकरी दिली ती कसली? तर व्याख्याने ठरवण्याची. कोणाला बोलवायचे, विषय कोणता द्यायचा, वक्ता वेळेवर येईल की नाही! आपल्या मालेचे चिटणीस येथे बसले आहेत; त्यांना आता हा माणूस आपल्याच बिरादरीतला वाटू लागला असेल. त्या नोकरीच्या अर्जात त्याने आपले वय काही वर्षे वाढवून लिहिले आणि शिकलेले विषयही थोडे भारदस्त केले. सत्यासाठी नाव मिळवलेल्या माणसाचा आरंभ असा झाला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण चरित्रकार मंडळींना अशा गोष्टी झाकायची घाई असते.

१९३७ मध्ये कंपनीने त्याला लंडनला धाडले, तेही व्याख्याते जमवायलाच. तेथील अमेरिकन बातमीदारांच्या संघाचा सभासद होण्यासाठी त्याने अर्ज केला, तेव्हा रेडिओवाला म्हणून त्यांनी तो नाकारला. काही वर्षांनी तोच त्या संघाचा अध्यक्ष झाला. पण मधल्या काळात पुष्कळ काही घडायचे होते.

ते घडले मार्च १९३८ मध्ये. मर्रोने विल्यम शायरर नावाचा एक मदतनीस घेतला होता. हा शायरर आपल्याला थोडा ओळखीचा असायला हरकत नाही. १९३० आणि ३१ साली एका शिकागोच्या पत्राचा बातमीदार म्हणून तो हिंदुस्थानात येऊन गांधीजींना भेटला होता. त्याचा आवाज बारीक, चाचणीत न्यूयॉर्कच्या साहेबांना मुळीच पसंत पडला नाही. मर्रोने हट्ट धरला. मला माणसाचे डोके हवे आहे, घसा नको, असाच त्या हट्टाचा अर्थ होता, आणि पुढे त्याने निवडलेल्या सगळ्या माणसांत तो दिसतो.

हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या त्या सुमारास ही दोन माणसे काय करीत होती? एक पोलंडमध्ये आणि दुसरा युगोस्लाव्हियात शाळकरी मुलांच्या गाण्याचे कार्यक्रम जुळवीत होता! शायरर व्हिएन्नाला परतला तो नेमका उलथापालथीच्या दिवशी. सारे डोळ्यांसमोर घडत होते, पण नभोवाणी केंद्रात त्याला बोलू देईनात. मर्रोने फोनवरून सांगितले, तू विमानाने लंडनला जा आणि तेथून बोल, तुझी जागा मी घेतो. आणि स्वतः व्हिएन्ना गाठण्यासाठी त्याने सत्तावीस आसनांचे अख्खे विमान एक हजार डॉलर मोजून एकट्यासाठी ठरवले.

रविवार, १३ मार्च १९३८. न्यूयॉर्कहून हुकूम आला की आज रात्री लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना येथून एकामागून एक माणसे बोलली पाहिजेत, आणि सगळे मिळून अर्ध्या तासात बसले पाहिजे. हाताशी वेळ होता आठ तासांचा. त्या काळी अमेरिकन कंपन्यांचा नियम असा की बातमी ध्वनिमुद्रित करून लावायची नाही. जे बोलायचे ते त्या क्षणी, प्रत्यक्ष. लघुलहरींचा भरवसा वाऱ्यासारखा. प्रत्येकाने आपले घड्याळ सेकंदाबरहुकूम लावून ठरल्या वेळी तोंड उघडायचे आणि ठरल्या वेळी मिटायचे. रोमची जोडणी मिळालीच नाही, तेव्हा तेथील बातमीदाराने मजकूर फोनवरून सांगितला आणि शायररने तो लंडनमधून वाचला. आज प्रत्येकाच्या खिशात जग आहे, तेव्हा यात नवल कसले असे तरुण मंडळींना वाटेल. पण पाच राजधान्यांतली बातमी एका बैठकीत घरबसल्या ऐकण्याचा तो पहिला मोठा प्रयोग होता. आपण संध्याकाळी ज्या धर्तीच्या बातम्या ऐकतो, तिचे मूळ त्या रात्रीत आहे.

त्या रात्री मर्रो व्हिएन्नाहून काय बोलला? मोठी राजकीय मीमांसा त्याने केली नाही. येथले लोक सलामीचा उजवा हात बर्लिनपेक्षा थोडा अधिक उंच उचलतात आणि घोषणा थोडी मोठ्याने देतात, असे त्याने सांगितले. झाले! नव्याने बाटलेला अधिक कर्मठ असतो हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या एका निरीक्षणात श्रोत्याला सगळा ऑस्ट्रिया दिसला.

आता १९४० चे लंडन. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे.

२४ ऑगस्ट १९४०. ट्रॅफल्गार चौकात, सेंट मार्टिनच्या देवळापाशी, मर्रो मायक्रोफोन घेऊन उभा आहे. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. लोक आसऱ्याकडे निघतात. त्याने काय करावे? मायक्रोफोन खाली नेऊन फरसबंदीजवळ धरला. अमेरिकेत घरी बसलेल्यांना लंडनकरांच्या पावलांचा आवाज ऐकू आला, आणि ती पावले धावत नव्हती. माणसे नेहमीच्या चालीने चालत होती. लंडनचे लोक धीराचे आहेत असे शंभर वेळा सांगून जे पटले नसते ते त्या पावलांनी पटवले.

सप्टेंबरात बाँब रोज पडू लागले, तेव्हा त्याने गच्चीवर उभे राहून, डोळ्यांसमोर दिसते ते तसेच बोलण्याची परवानगी मागितली. सरकार बिचकले. नेहमी मजकूर आधी लिहून सेन्सॉरला दाखवावा लागे, आणि बोलताना सेन्सॉर शेजारी बसे, नको ते निघाले तर आवाज तोडायला. गच्चीवरून उत्स्फूर्त बोलणाऱ्याच्या तोंडून 'बाँब अमुक ठिकाणी पडला' एवढे निघाले तरी शत्रूच्या विमानाला नेम सापडायचा. मर्रोने आधी चाचणीची भाषणे मुद्रित करून अधिकाऱ्यांना ऐकवली, तेव्हा कोठे परवानगी मिळाली. न्यूयॉर्कची संध्याकाळ म्हणजे लंडनची मध्यरात्र उलटलेली. काळोखातून, विझवलेल्या दिव्यांच्या रस्त्यांवरून तो बीबीसीच्या इमारतीत येई आणि तळघरातल्या लहानशा खोलीतून बोले. त्याच्या स्वतःच्या कंपनीची कचेरी बाँबने एकदा नव्हे, अनेकदा उद्ध्वस्त झाली. १५ ऑक्टोबर १९४० रोजी खुद्द बीबीसीच्या इमारतीत बाँब फुटला, सात माणसे गेली. त्या वेळी ब्रूस बेल्फ्रेज नावाचा निवेदक रात्री नऊच्या बातम्या वाचीत होता. अंगावर धूळ पडली, क्षणभर थांबला, आणि पुढचे वाक्य वाचले.

हे सर्व खरे. पण श्रोतेहो, येथे आपण हिंदी माणसांनी थोडे थांबले पाहिजे. ज्या लंडनच्या नभोवाणीची पत अमेरिकेत अशी चढत होती, तिची आपल्याकडे किती होती? त्याच बीबीसीत हिंदुस्थानसाठी बातमीपत्रे तयार होत, आणि ती लिहिणाऱ्यांत जॉर्ज ऑर्वेल होता. मराठीतूनही बातमीपत्र जाई, आणि कोल्हापूरकडच्या वेणू चितळे या आपल्या बाई तेथे काम करीत, ऑर्वेलच्या मदतनीस होत्या, मराठीतून बोलत. माणसे गुणी, पण १९४२ च्या ऑगस्टनंतर मुंबईपुण्याच्या माणसाने लंडनच्या आवाजावर कसा विश्वास ठेवावा? गांधीजी तुरुंगात होते. त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांसारख्या ज्या बातम्या सरकारी नभोवाणी गिळून टाकी, त्या तेथून निघत. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना पकडले आणि उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली. ऑर्वेलने १९४३ मध्ये आपले श्रम व्यर्थ जात आहेत असे पाहून नोकरी सोडली. तेव्हा संस्था एक, सेन्सॉरही एक; तरी एकाच्या शब्दाला पत आली आणि दुसऱ्याच्या आली नाही. मर्रोला जे दिसत होते ते त्याला बहुतांशी बोलता येत होते, म्हणून. हिंदुस्थानविषयी लंडनहून बोलणाऱ्याला ती मोकळीक नव्हती. अंगच्या गुणाइतकीच ही नशिबाचीही गोष्ट आहे.

आणि मर्रोने तरी सर्व सांगितले काय? ७ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या रात्री, तो वॉशिंग्टनला होता. मध्यरात्रीनंतर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला आत बोलावून किती नुकसान झाले, विमाने जमिनीवरच कशी नष्ट झाली, ते सांगितले. 'हे छापू नका' असेही ते म्हणाले नाहीत. आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी हातात होती. मर्रो रात्रभर अस्वस्थ राहिला, आणि त्याने ती दिली नाही. त्याने बरोबर केले की चूक, यावर बातमीदार मंडळींत मतभेद आहेत. अमेरिकेने हिटलरविरुद्ध उतरावे असे त्याचे मत होते, ते त्याने फारसे लपवले नव्हते. मला स्वतःला वाटते की त्या रात्री नागरिकाने बातमीदारावर मात केली, आणि हे त्यालाही कळले असावे. नाहीतर झोप का उडावी?

२ डिसेंबर १९४३ च्या रात्री तो ब्रिटिश बाँबफेकी विमानातून बर्लिनवर गेला. कंपनीच्या वरिष्ठांना अशी उड्डाणे मुळीच पसंत नव्हती. त्या रात्री निघालेल्या बातमीदारांपैकी काही परतले नाहीत. नॉर्वेचा कवी नॉर्डाल ग्रीग त्यांतच गेला. परतल्यावर मर्रोने जे सांगितले त्यात एक उपमा होती: पेटते बाँब खाली जाताना काळ्या मखमलीवर मूठभर पांढरे तांदूळ फेकावेत तसे दिसत होते. आपल्याला अक्षता आठवतात, आणि अंगावर काटा येतो. खाली माणसे आहेत याचा विसर त्याने स्वतःला पडू दिला नाही आणि श्रोत्यांनाही पडू दिला नाही. तीन वर्षांपूर्वी तो खालच्या माणसांत होता ना!

एप्रिल १९४५ मध्ये तो बुखेनवाल्डच्या छळछावणीत शिरला, ती सुटल्यानंतर दुसऱ्याच दिवशी. बोलला मात्र १५ तारखेला, तीन दिवसांनी. इतक्या घाईच्या धंद्यात तीन दिवस! त्याने तेथली प्रेते मोजण्याचा प्रयत्न केला; दोन व्यवस्थित रचलेल्या राशींत पाचशेहून अधिक पुरुष आणि मुले होती. लहान मुलांच्या हातांवर गोंदलेले आकडे सांगितले. मी पाहिले त्यातले थोडेच सांगितले आहे, बाकीच्याला माझ्यापाशी शब्द नाहीत, अशा अर्थाचे तो बोलला, आणि माझ्यावर विश्वास ठेवा अशी त्याने विनवणी केली. ज्याच्या शब्दावर लाखो लोक डोळे मिटून विसंबत, त्याला विनवणी करावी लागली.

युद्धानंतरची हकिगत मी भरभर सांगतो, कारण ती बरीचशी टेलिव्हिजनची आहे. पण एक गोष्ट टाळून चालणार नाही. तो काही काळ कंपनीत उपाध्यक्ष झाला, खुर्चीवर बसला. १९४७ मध्ये शायररच्या कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या दाढीच्या साबणाच्या कंपनीने अंग काढून घेतले, त्याची वेळ गेली, आणि शायररने नोकरी सोडली. माझ्या मतांमुळे मला काढले आणि मर्रोने मला वाऱ्यावर सोडले, असे शायररचे म्हणणे. मर्रोला ते मान्य नव्हते. त्या खुर्चीत त्याचा जीव रमला नाही. त्याच वर्षी तो पुन्हा रोज संध्याकाळी बातम्या सांगू लागला, आणि ते १९५९ पर्यंत चालले. १९५० च्या अखेरीस कंपनीने नोकरांकडून राजनिष्ठेचे प्रतिज्ञापत्र भरून घेतले, तेव्हा त्यानेही मुकाट्याने सही केली.

तो काळ सिनेटर मॅकार्थीचा. कोणालाही कम्युनिस्ट म्हणावे आणि त्याची भाकरी काढून घ्यावी! ९ मार्च १९५४ रोजी मर्रोने टेलिव्हिजनवर अर्ध्या तासात मॅकार्थीचीच भाषणे, मॅकार्थीच्याच तोंडून दाखवली आणि शेवटी आपले मत स्पष्ट सांगितले. कार्यक्रमाची जाहिरात द्यायला कंपनी तयार नव्हती, म्हणून मर्रो आणि त्याचा सहकारी फ्रेंडली यांनी पदरचे पंधराशे डॉलर भरून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ती दिली. मॅकार्थीवर टीका करणारा तो पहिला नव्हे. त्याच्या आधी वर्तमानपत्रांतून ती झाली होती. त्याने केले ते एवढेच की लंडनच्या रात्री साठवलेली सारी पत एका संध्याकाळी डावावर लावली. त्याच वर्षी डिसेंबरात सिनेटने मॅकार्थीचा ६७ विरुद्ध २२ मतांनी निषेध केला.

आणि कंपनीने? मानाने वागवले, आणि हळूहळू त्याची वेळ काढून घेतली. प्रश्न विचारून पैसे वाटणारे खेळ त्या वेळी फार खपत होते. १९५८ च्या ऑक्टोबरात शिकागोत नभोवाणी-टेलिव्हिजनच्या बातमी-संचालकांसमोर मर्रोने या धंद्याला तोंडावर सुनावले: लोकांना करमणुकीत गुंगवून जगापासून दूर ठेवण्याचे हे काम चालले आहे. मालक त्याचे युद्धकाळापासूनचे मित्र होते. मैत्री त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

१९६१ मध्ये केनेडींनी त्याला सरकारच्या माहिती खात्याचा प्रमुख नेमले. आता गंमत पाहा, खरे म्हणजे गंमत नव्हे. आदल्याच नोव्हेंबरात त्याने अमेरिकेतल्या भटक्या शेतमजुरांच्या हलाखीवर एक कार्यक्रम केला होता. तो बीबीसी दाखवणार असे कळताच, देशाची बदनामी नको म्हणून, या नव्या अधिकाऱ्याने लंडनला फोन केला की तो दाखवू नका. ज्या बीबीसीच्या तळघरात तो घडला, तिलाच! बीबीसीने नकार दिला आणि कार्यक्रम दाखवला. मर्रोला याची फार शरम वाटली.

सिगारेट त्याच्या हातातून कधी सुटली नाही. दिवसाला साठ-साठ ओढी. १९५५ मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर त्यानेच दोन कार्यक्रम केले होते. १९६३ मध्ये त्याचे एक फुप्फुस काढावे लागले. २७ एप्रिल १९६५ रोजी, सत्तावन्न वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते, तो न्यूयॉर्क संस्थानातल्या पॉलिंगच्या शेतघरी वारला.

त्याआधीच्या वर्षी त्याने शायररला सपत्नीक त्या शेतावर बोलावले होते. सतरा वर्षे दोघांत अबोला म्हणावा असेच होते. मधल्या काळात शायररने नाझी राजवटीचा मोठा इतिहास लिहून नाव मिळवले होते. मर्रो फार थकला होता, पण पाहुण्याला जीपमध्ये घालून शेत दाखवायला घेऊन गेला आणि त्या जुन्या गोष्टीकडे बोलणे वळवू पाहत राहिला. शायररने दर वेळी विषय बदलला. दोघे शेतीविषयी आणि जुन्या दिवसांविषयी बोलले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पाहुणे निघून गेले.